तुमचा लेखक, माझा लेखक

(अवसरी खुर्द, ता. आंबेगाव, जि. पुणे येथे महिला वाचन गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

एरवी मी तुमच्यासमोर उभी राहते ती कायद्याची माहिती द्यायला, नाहीतर एखाद्या सरकारी योजनेचा फॉर्म समजावून सांगायला. आजचा विषय आहे आपले आवडते लेखक. फळ्यावरचा विषय वाचून एका कार्यकर्तीनं मला मघाशीच विचारलं, "ताई, गावात नवऱ्यानं टाकलेल्या बायका आहेत, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायका आहेत, आणि आपण कादंबऱ्यांवर भाषणं करायची?" प्रश्न रास्त आहे. माझं बोलणं संपेपर्यंत त्याचं उत्तर मिळालं नाही, तर मला जाब विचारा.

बाहेरगावाहून आलेल्या मैत्रिणींसाठी आधी थोडी हकिगत सांगते. इथल्या बचत गटाची बैठक महिन्यातून दोनदा होते. पैसे जमा झाले, वह्या भरल्या, की अर्धा-पाऊण तास एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा प्रघात पडला आहे. हातात लसूण सोलायला असतो, कान पुस्तकाकडे असतात. गेल्या पावसाळ्यात साधा प्रश्न निघाला, की पुढचं पुस्तक कुठलं घ्यायचं? त्यावरून जे भांडण जुंपलं, ते अजून मिटलेलं नाही. आणि मिटू नये, असं मला वाटतं.

गटात तीन पक्ष पडले. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचा पहिला पक्ष. त्यांना महाभारतावरच्या जाडजूड कादंबऱ्या हव्या होत्या. दुसरा पक्ष मुलींचा. आपल्या गावात २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथं शिकणाऱ्या दोघी-तिघी गटात येतात. त्यांचे लेखक टॉल्किन, रोलिंग, ले ग्विन. तिसरा पक्ष आज्यांचा. त्यांचं म्हणणं, "आमाला ह्यातलं काय बी वाचून दाखवायची गरज न्हाई. आमाला सगळं पाठ हाय."

वरवर पाहिलं तर तिघींचे विषय वेगळे. पण पदार्थ एकच आहे. राजे, युद्धं, शाप, वरदानं, अंगासोबत जन्मलेली कवचकुंडलं, मंत्रानं सुटणारी अस्त्रं, कधी न घडलेल्या पण खऱ्या वाटणाऱ्या जगाची लांबच लांब गोष्ट. इंग्रजीत त्याला वेगळं नाव आहे. आपल्याकडे श्रावणात देवळात पांडवप्रतापाची पोथी लागते, तेव्हा आपण हेच ऐकत असतो. आपल्या शेजारच्या नारायणगावात तमाशाच्या फडांनी याच कथांचे वग केले. तेव्हा "ही आजकालच्या पोरींची थेरं" असं कुणी म्हणू नये, आणि पोरींनीही "तुमचं जुनाट" असं म्हणू नये.

आता भांडणाकडे वळते. पहिल्या पक्षातच आधी दोन तुकडे झाले. एक तुकडी शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ची, दुसरी रणजित देसाईंच्या 'राधेय'ची. 'मृत्युंजय' १९६७ सालचं, 'राधेय' १९७३ सालचं. दोन्ही कर्णावरची. 'मृत्युंजय'वाल्या म्हणाल्या, अशी भाषा कुणाची नाही, वाचताना अंगावर काटा येतो. 'राधेय'वाल्या म्हणाल्या, देसाई कमी शब्दांत रडवतात, तुमच्या सावंतांना पानंच्या पानं लागतात. इतक्या तावातावानं बोलणं झालं, की शेजारच्या ओट्यावरची पुरुषमंडळी डोकावून गेली. त्यांना वाटलं, बचत गटात पैशांची भानगड झाली!

मी विचारलं, पण दोघींनाही कर्णच का हवा? तेव्हा दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जाणारी एक ताई बोलली. ती म्हणाली, "त्याच्या अंगात गुण असून त्याला आधी जात विचारली. मला कुणी माझं काम बघून बोलवत नाही, आधी कोणाची कोण ते विचारतात. म्हणून तो मला माझा वाटतो." सगळ्या गप्प झाल्या. दुसरी म्हणाली, "आणि बाईलाही तेच की. गुण असून उपयोग काय, आधी विचारतात कुणाची बायको?" मैत्रिणींनो, समीक्षेची पुस्तकं मी शिकताना चाळली आहेत. कर्ण मराठी माणसाला इतका का आवडतो, याचं याहून चोख उत्तर मला त्यात सापडलेलं नाही.

'राधेय' या नावाचीही चर्चा झाली. राधेय म्हणजे राधेचा मुलगा. जन्म देणाऱ्या राणीच्या नावानं नाही, वाढवणाऱ्या सारथ्याच्या बायकोच्या नावानं हा वीर ओळखला जातो. सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बंधनकारक केलं, हे मी तिथं सांगितलं. एकजण लगेच म्हणाली, "म्हणजे कर्णाच्या मागून आपला नंबर लागला."

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं होतं. मग एका ताईनं सुरुंग लावला. ती म्हणाली, "'मृत्युंजय'मध्ये किती जण आपली गोष्ट सांगतात ते मोजा." मोजलं. कर्ण, शोण, कुंती, दुर्योधन, वृषाली आणि श्रीकृष्ण. सहाजण. त्यांत दोन बायका, एक कर्णाची आई, दुसरी त्याची बायको. हे श्रेय सावंतांना द्यायलाच हवं, कारण मूळ कथेत कर्णाच्या बायकोला जवळपास जागाच नाही. पण द्रौपदी? कर्णाच्या आयुष्यातला सगळ्यात काळा दिवस जिच्यामुळे काळा आहे, तिच्या तोंडून एकही प्रकरण नाही.

काळा दिवस म्हणजे द्यूतसभेचा दिवस. महाभारतात तिथं काय घडतं, ते नीट आठवूया. द्रौपदी सभेत एक प्रश्न विचारते. जो माणूस आधी स्वतःलाच हरून बसला, त्याला बायको पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूनं उभा राहतो. त्याला गप्प कोण करतं? कर्ण. पाच नवरे असलेली म्हणून तिला वेश्या कोण ठरवतं? कर्ण. पांडवांची आणि तिची वस्त्रं उतरव, असं दुःशासनाला कोण सांगतं? तोही कर्णच.

कर्णाच्या चाहत्या लगेच धावून आल्या. पहिली म्हणाली, "तिनं आधी स्वयंवरात त्याचा अपमान केला होता, सूतपुत्राला वरणार नाही म्हणाली. त्याचा राग होता तो." दुसरी म्हणाली, "आणि दुर्योधनालाही तिनंच डिवचलं, आंधळ्याचा मुलगा आंधळा म्हणून. सगळं महाभारत त्यानंच घडलं." तिसरी म्हणाली, "त्याला पुढं पश्चात्ताप झाला होता."

ही तीन उत्तरं एकेक करून तपासू.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९६६ मध्ये पुरं झालं. देशभरातून हजाराहून अधिक हस्तलिखितं जमवली, ती ओळीओळीनं ताडली, आणि जुना पाठ कुठला व मागाहून घातलेली भर कुठली, ते वेगळं केलं. स्वयंवरात द्रौपदीनं कर्णाला नाकारण्याचा प्रसंग काही हस्तलिखितांत आहे. विद्वानांनी तो मुख्य संहितेत घेतलेला नाही, तो तळटीपेत गेला. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे वाक्य तर त्या संहितेत द्रौपदीच्या तोंडी नाहीच. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, तेव्हा भीम आणि त्याचे भाऊ हसतात. द्रौपदी बायकांसह हसली, अशी तक्रार दुर्योधन नंतर बापाजवळ करतो. हसणं एवढंच, आणि तेही तक्रारदाराच्या तोंडून. पण १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर महाभारत मालिका लागली, रस्ते ओस पडले, आणि त्या मालिकेत द्रौपदीनं ते वाक्य उच्चारलं. आता ते घराघरात खरं झालं आहे.

तिसरं उत्तर पश्चात्तापाचं. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाजवळ बोलतो खरा. दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून आपण पांडवांना टोचून बोललो, त्याचा आता ताप होतो, असं तो म्हणतो. पण पाहा, तो पांडवांना बोलल्याचं म्हणतो. द्रौपदीचं नाव तिथं नाही.

आता कार्यकर्तीच्या प्रश्नाकडे येते. गेली काही वर्षं मी आंबेगाव-जुन्नर भागात समुपदेशनाचं काम करते. मार खाऊन आलेल्या बाईचं म्हणणं लिहून घेतलं, की नवऱ्याला बोलावून घ्यायचं. नवरा येतो, सोबत दीर, कधी गावातला एखादा पुढारी. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "तिनं काय केलं ते विचारा आधी." ती उलट बोलली. चारचौघांत हसली. पाहुण्यांसमोर अपमान केला. मारणाऱ्या हाताची चौकशी बाजूला राहते आणि बाईच्या जिभेची चौकशी सुरू होते. पुष्कळदा सासूसुद्धा म्हणते, "बाईच्या तोंडानं महाभारत झालं."

ही म्हण त्या सासूनं कुठून आणली? कुणीतरी, कधीतरी, एका बाईच्या तोंडी एक वाक्य घातलं, आणि भरसभेत झालेल्या अत्याचाराला कारण तयार करून दिलं. अत्याचार आधी, कारण मागाहून. गोष्टी सांगणाऱ्यांच्या हातात केवढी ताकद असते, ते यावरून कळतं. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात शिवीगाळ, चारित्र्यावर शिंतोडे, अपमान यांना छळच मानलं आहे. कर्णानं सभेत जे केलं, ते आज या तालुक्यात घडलं तर त्याला नाव आहे. कायदा कागदावर आला, पण माणसं न्याय करतात ते लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींच्या आधारानं. म्हणून गोष्टींवर भांडणं हेही आपलं काम आहे.

याचा अर्थ 'मृत्युंजय' वाचू नका असा आहे का? मुळीच नाही. रोजंदारीवरच्या ताईला त्यातून जे मिळालं, ते खरं आहे. तिनंच पुढं फार मोलाचं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला जात विचारणाऱ्या सभेवर त्यानं राग काढायचा सोडून बाईवर काढला. आमच्याकडं पण असंच होतं. मालकाचा राग घरी येऊन बायकोवर निघतो. मला कर्ण आवडतो. पण मी त्याला हे विचारणार." मैत्रिणींनो, चाहती असावी तर अशी. जीवही लावायचा आणि जाबही विचारायचा.

मग मी माझी बाजू मांडली. माझी लेखिका इरावती कर्वे. डेक्कन कॉलेजात त्यांनी मानवशास्त्र शिकवलं. त्यांचं 'युगान्त' १९६७ चं, म्हणजे 'मृत्युंजय'च्याच वर्षाचं. १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीष्माच्या प्रतिज्ञेचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण त्या प्रतिज्ञेची किंमत कुणी मोजली, ते इरावतीबाईंनी दाखवलं. अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री. एका पुरुषाच्या व्रतासाठी किती बायकांच्या आयुष्याची परवड झाली! तेव्हा गटातल्या काहीजणी म्हणाल्या, "ही गोष्ट कुठं आहे, हा तर अभ्यास झाला. आम्हाला गोष्ट पाहिजे." हेही खरं आहे. 'ययाति'त खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांना आपापल्या तोंडून बोलायला लावलं. ते १९५९ सालचं. दासी झालेल्या शर्मिष्ठेला स्वतःचा आवाज मिळाला, म्हणून दोघींनी 'ययाति'ला मत दिलं.

पण 'युगान्त'वर खरा हल्ला झाला तो वेगळ्याच ठिकाणी. द्रौपदीवरच्या लेखात इरावतीबाई म्हणतात, की सभेत कायद्याचा प्रश्न विचारणं ही द्रौपदीची मोठी चूक होती. पंडितेसारखा वाद घालण्याऐवजी तिनं दयेची हाक द्यायला हवी होती, असा त्यांचा विचार आहे. हे मी वाचून दाखवलं आणि गटात गलका झाला. मागच्या वर्षी ग्रामसभेत घराच्या उताऱ्यावरच्या नावाचा प्रश्न विचारणारी एक ताई तिथं होती. ती ताडकन म्हणाली, "म्हंजे रडून भीक मागितली असती तर बरं झालं असतं? मला पण सगळे हेच सांगत होते, कायदा बोलू नको, पाया पड, काम होईल." एक मुलगी म्हणाली, "सगळ्या सभेत फक्त तिच्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न चूक कसा?"

इरावतीबाईंचं म्हणणं त्यांच्या बाजूनं समजून घेता येतं. अन्याय एवढा उघडा असताना त्याला कलमांच्या चौकटीत बसवायची वेळ येणं, यातच बाईची हार आहे, असं त्यांना वाटलं असावं. तरीही माझं मत गटाच्या बाजूला गेलं. दयेवर मिळालेलं कोणत्याही क्षणी काढून घेता येतं, हे या कामात मी रोज पाहते. लेखिका बाई आहे म्हणून तिचं प्रत्येक मत आपलं मानायचं नसतं. जो निकष सावंतांना लावला, तोच इरावतीबाईंना लावायचा.

आता मुलींच्या पक्षाकडे येते. टॉल्किन हे इंग्लंडमधले प्राध्यापक. त्यांची अंगठीची कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत आली. मुग्धा कर्णिक यांनी ती मराठीत आणली आहे. अंगठी नष्ट करायला निघालेले नऊजण सगळे पुरुष. एओविन नावाची राजकन्या आहे, तिला लढायला जायचं तर पुरुषाचा वेश घ्यावा लागतो. आणि कुठल्याही पुरुषाच्या हातून मरणार नाही अशा शत्रूला तीच मारते. हॅरी पॉटरच्या लेखिकेला १९९७ मध्ये प्रकाशकानं नावाऐवजी आद्याक्षरं छापायला सांगितली, कारण बाईनं लिहिलेलं पुस्तक मुलगे वाचणार नाहीत अशी भीती होती. म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही.

मला सगळ्यात भावली ती त्यांनी सांगितलेली अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन हिची गोष्ट. १९६८ मध्ये तिनं एका द्वीपसमूहाची आणि तिथल्या जादूगाराची कादंबरी लिहिली. त्या जगात जादूचं मोठं विद्यापीठ फक्त पुरुषांसाठी. बायकांची जादू म्हणजे हलकी, खोटी, असं तिथले लोक मानतात. वाचकांनी पुस्तकं डोक्यावर घेतली. मग १९९० मध्ये तिनं त्याच जगात परत जाऊन 'तेहानू' लिहिलं. या वेळी गोष्ट एका शेतकऱ्याच्या विधवेची आणि तिनं सांभाळलेल्या, आपल्याच माणसांनी जाळलेल्या एका पोरीची. तेच जग, पण आता चुलीपाशी बसून पाहिलेलं. काही जुने चाहते नाराज झाले. आमच्या गटातल्या मुलीनं मात्र त्याचा मुद्दा केला, की लेखकाला स्वतःचं जग पुन्हा तपासता येतं, तर वाचकाला का येऊ नये?

हे सगळं ऐकत बसलेल्या आज्यांपैकी एक शेवटी म्हणाली, "एवढं कशाला? सीतेला रानात सोडली तेव्हा रामाला काय म्हणायचं, ते आमी जात्यावर कवाच म्हणून ठेवलंय." हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत. डॉ. तारा भवाळकर, ज्या २०२५ मध्ये दिल्लीच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी लोकगीतांतल्या सीतेवर आयुष्यभर अभ्यास केला. आणि तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेनं रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. ती आपली आद्य मराठी कवयित्री. म्हणजे मराठीत बाईनं रचायला सुरुवात केली तीच मुळी या महाकथेपासून. आज्यांच्या पुस्तकावर लेखिकेचं नाव नाही, एवढाच फरक. दळण गिरणीवर गेलं आणि त्या ओव्या म्हणायची जागा गेली. त्या लिहून घ्यायचं काम आपल्या गटातल्या मुलींनी आता अंगावर घेतलं आहे.

शेवटी कामाचं बोलते. १९६७ हे वर्ष 'मृत्युंजय'चं, 'युगान्त'चं, आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याचंही. त्या कायद्यातून गावोगाव सरकारी अनुदानाची वाचनालयं उभी राहिली. पण वाचनालयाच्या बाकावर दुपारी कोण बसलेलं असतं, ते तुम्हीच आठवा. पेपर पुरुषांच्या हातात. बाई आत गेली तर सगळ्या माना वळतात. संध्याकाळी जावं तर स्वयंपाक, अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं बिबट्याची भीती. बाईला आवडता लेखक असायला आधी वेळ लागतो, बसायला जागा लागते, आणि मत बोलून दाखवलं तर हसणार नाहीत अशी सोबत लागते. या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्या लागतात.

म्हणून माझ्या तीन सूचना. आपापल्या गावच्या वाचनालयाचं सभासदत्व स्वतःच्या नावानं घ्या, नवऱ्याच्या कार्डावर पुस्तक आणू नका. आठवड्यातला एक दिवस बायकांसाठी सोयीची वेळ ठेवा, असा लेखी अर्ज दहाजणींच्या सह्यांनी द्या. आणि प्रत्येक गटात एक पुस्तक एकत्र वाचा. वाचून झालं की दोन प्रश्न विचारा. या गोष्टीत कुणाला बोलू दिलं नाही? आणि दोष कुणाच्या माथी मारला? लेखक कितीही आवडता असो, हे दोन प्रश्न कुणालाही माफ नाहीत.

पुढच्या बैठकीत 'ययाति' लागणार आहे, एका मतानं जिंकलं. 'राधेय'वाल्या अजून फेरमोजणी मागताहेत. त्यांचा अर्ज मी घेतला आहे.